कथील, नवसागर आणि घरचं पातेलं

आमच्या आजोळच्या घराचा इतिहास सांगणारा कागद एकही नाही. जे काही आहे ते भांड्यांवर कोरलेलं आहे. माळ्यावरच्या पितळी पातेल्याच्या काठाखाली छिन्नीने ठोकलेल्या टिंबांची अक्षरं आहेत. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या साली, हे सगळं त्यांत सापडतं. १९३१ चं पातेलं आजीच्या मामांकडून आलेलं, १९३८ ची परात आत्याकडची. १९६० च्या पुढे पितळ थांबतं आणि स्टील सुरू होतं. अक्षरंही बदलतात, टिंबं जाऊन यंत्राच्या सुईची बारीक तिरपी ओळ येते. या दोन्हींच्या मधल्या काळात ॲल्युमिनियमची भांडी घरात आली, पण त्यांच्यावर कुणाचंच नाव नाही. जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं आमच्याकडे आहेरात कोणी देत नसे.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे नात्यातल्या मुली संसार थाटताना हमखास विचारतात, ‘मावशी, तब्येतीला कोणती भांडी चांगली?’ त्यांना एका धातूचं नाव हवं असतं. आजीच्या स्वयंपाकघरात मात्र हा प्रश्न असा कधी निघालाच नाही. तिथे पदार्थ आधी आणि भांडं नंतर. दूध आणि भात पितळी पातेल्यात. पाणी तांब्याच्या हंड्यात. चिंचेचा कोळ दगडीत, लोणचं चिनी मातीच्या बरणीत. फोडणी लोखंडी कढल्यात, भाकरी तव्यावर. आमटी आणि कढी पितळेतच, पण कल्हई ताजी असेल तरच. ताक तर उगाच पितळी भांड्यात राहिलेलं दिसलं की आजी हातातलं काम टाकून उठायची.

कारण ताक कळकतं. उघड्या पितळेत आंबट पदार्थ राहिला की त्याला हिरवट झाक येते, जिभेवर धातूची चव लागते आणि पोटात गेला तर मळमळ, उलट्या ठरलेल्या. आम्ल आणि हवेतला प्राणवायू मिळून तांबं विरघळवतात, आणि पितळेत तांब्याचाच वाटा मोठा, बाकीचं जस्त. शरीराला तांबं लागतं, पण अगदी थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. साधं पाणी हंड्यात रात्रभर राहिलं तर सहसा चिंता नसते, उलट तांब्यात काही तास राहिलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्याच हंड्यात लिंबूपाणी करून ठेवलं की गोष्ट वेगळी होते. धातू तोच, पदार्थ बदलला.

तांब्या-पितळेचे गुण सोडवत नव्हते आणि दोष परवडत नव्हता, या पेचातून कल्हई आली. तांबं स्टीलपेक्षा साधारण पंचवीस पटींनी जास्त चांगली उष्णता वाहून नेतं. पितळ तांब्याच्या मागे, पण स्टीलच्या खूप पुढे. म्हणून चुलीच्या वेड्यावाकड्या जाळावरही पितळेतलं दूध सहजी बुडाला लागत नाही. फक्त आतून एक असा थर हवा होता जो आंबटाला दाद देणार नाही. तो थर कथलाचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या मुदपाकखान्याची शिस्त नोंदवली आहे. बादशहासाठीच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई, शाहजाद्यांच्या आणि इतरांच्या भांड्यांना एकदा. फुटकी भांडी तांबटाकडे जायची आणि त्यांची नवी व्हायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी कल्हईच्या इतिहासाचे धागे जुन्या ग्रंथांतून शोधून काढले. आपल्याकडे राजांच्या लढायांवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या शतांशानेही भांड्यांवर लिहिलं गेलं नाही, म्हणून गोड्यांसारख्या माणसाचं ऋण मला मोठं वाटतं. आपण काय खाल्लं आणि ते कशात शिजलं, हाही या देशाचा इतिहास आहे.

कल्हई होताना मी लहानपणी पाहिली ती पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाड्याच्या चौकात. शिक्षिका झाल्यावर तीच वर्गात सांगितली. कल्हईवाले चाचा यायचे, जमिनीत हातभर खड्डा करायचे, त्यात कोळसे, आणि बाजूने भात्याची नळी. भांडं आधी चिंचेने किंवा सौम्य आम्लाने उजळून घ्यायचं. मग सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवत तापवायचं. ते पुरेसं तापलं हे चाचांना रंगावरून कळायचं. मग चिमूटभर नवसागर आत भुरभुरायचा. पांढरा धूर एकदम वर यायचा आणि नाकाला झोंबायचा. तापल्यावर नवसागराचा अमोनिया होतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. वर थंड हवेत ती दोघं पुन्हा भेटतात, तोच पांढरा धूर. खाली मात्र आम्लाने आपलं काम केलेलं असतं, तापताना धातूवर धरलेला काळपट थर खाऊन टाकलेला असतो. त्या नितळ अंगावर कथलाची कांडी नुसती टेकवली की ती पाघळते, कारण कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतं. लगेच कापसाच्या बोळ्याने ते गोल गोल फिरवायचं. तांबूस-पिवळं भांडं डोळ्यांदेखत पांढरं होत जायचं. शेवटी ते पाण्याच्या बादलीत, आणि चर्र असा आवाज.

या कामात चुकायला जागा फार. भांडं कमी तापलं तर कथील धरत नाही, गोळे होतात. जास्त तापलं तर कथील जळून पिवळट पडतं. नवसागर कंजूषपणे टाकला तर मध्येच डाग राहतो आणि नेमकी तिथेच आमटी कळकते. थर इतका पातळ की राखेने आणि काथ्याने रोज घासताना तो झिजतच असतो. काही महिन्यांत बुडाशी मूळ धातूचा रंग दिसायला लागला की भांडं बाजूला काढायचं. फोडणी कढल्यात करण्याचं कारणही इथेच आहे. रिकामं कल्हईचं पातेलं आचेवर विसरलं, तर २३२ अंश गाठायला वेळ लागत नाही आणि कल्हई थेंब थेंब होऊन बुडाला जमते.

आणि कथील महाग. तांब्याच्या कितीतरी पट महाग, आपल्या देशात तुटपुंजं, पूर्वी मलायाकडून गलबतांनी येणारं. म्हणून त्यात शिसं मिसळण्याचा मोह जुनाच. शिसं स्वस्त, आणि कथलात मिसळलं की मिश्रण १८३ अंशांपर्यंत खाली येऊन वितळतं, झरझर पसरतं, कामही सोपं होतं. शिसं पोटात गेलं की हाडांत साठतं, मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, आणि चव किंवा वास काहीच देत नाही. तांबं निदान उलटी करवून आपली चुगली तरी करतं. आजी कांडी हातात घ्यायची, कानाशी नेऊन वाकवायची. शुद्ध कथील वाकताना करकरतं. त्याच्या आतल्या स्फटिकांची मांडणी एकदम पालटते त्याचा तो आवाज. शिसं मिसळलेलं कथील वाकताना मुकं होत जातं. दुसरी परीक्षा कागदाची. शिसाळ कांडी कागदावर ओढली की करडी रेघ उमटते. आजी कधी शाळेत गेली नव्हती, पण या दोन परीक्षा तिने केल्याशिवाय चाचांनी भाता हलवायचा नाही, असा रिवाज होता. चाचाही कांडी स्वतःच पुढे करायचे.

तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर आमच्यापासून चार गल्ल्यांवर होते. कसबा पेठेतली तांबट आळी म्हणजे त्वष्टा कासारांची वस्ती. आपले पूर्वज पेशवाईत कोकणातून पुण्याला आले, असं तिथली मंडळी सांगतात. कालिकामाता त्यांचं दैवत. सकाळपासून ठोक्यांचा आवाज चालायचा आणि पाहुण्याला त्यात बोलता यायचं नाही, त्यांना मात्र काहीच वाटायचं नाही. भांडं घडलं की त्यावर मठारकाम, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी दिलेले ठोके. लोक त्याला नक्षी समजतात. ती नक्षी आहेच, पण तापवून मऊ पडलेला पत्रा त्या ठोक्यांनी कडक होतो, पोचे पडत नाहीत. बंब, घंगाळं, हंडे, पातेली, सगळं याच हातांतून. नाशिकच्या भांडी बाजाराला याच कामाने नाव दिलं, विदर्भात भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध. राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या भांड्यांपुढे उभं राहिलं की कळतं, घासणाऱ्या हाताचा विचार करणारे कारागीर होऊन गेले. आतला कोपरा असा वळवलेला की बोट सगळीकडे फिरावं, खरकटं कुठे अडकू नये. आरोग्याचा विचार तिथेही होता, फक्त त्याला ते नाव नव्हतं.

मग ॲल्युमिनियम आलं. १८८६ साली विजेने ते स्वस्तात काढायची रीत सापडेपर्यंत हा धातू श्रीमंतांच्या शोभेचा होता. मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली त्याची भांडी करायला घेतली. हलकं, स्वस्त, उष्णता चांगली वाहणारं आणि कल्हईची कटकट नसलेलं. खाणावळी, वसतिगृहं, गिरणगावातल्या खोल्या, हे त्याचं राज्य झालं. ज्या बाईला कल्हईचे पैसे जड होते तिला या धातूने खरोखर सोडवलं, हे मी मनापासून मान्य करते. त्याचा दोषही आंबटाचाच. त्याच्या अंगावर आपोआप एक ऑक्साइडचा थर धरतो आणि तो त्याला राखतो, पण चिंच, कोकम, टोमॅटो, मीठ आणि सोडा तो थर उतरवतात. नंतर कुकर आला. हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोन्ही १९५९ च्या सुमाराचे. तेव्हा बायकांनी आपणच शोध लावला की तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची फोड टाकली की कुकर आतून काळा पडत नाही. कुकरमध्ये ते चालतं, कारण ते पाणी कुणी पीत नाही. विसरभोळेपणाच्या आजाराशी ॲल्युमिनियमचा संबंध जोडला गेला, पण तो सिद्ध झालेला नाही. मी आंबट आमटी त्यात शिजवत नाही आणि शिजलेलं अन्न त्यात ठेवत नाही, एवढं पथ्य पुरतं.

स्टीलची गोष्ट आपल्या घराघरात घडली आहे. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधताना न गंजणारं मिश्रण केलं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल हे त्याचं पुढे स्थिरावलेलं रूप. आपल्याकडे ते साठीच्या दशकात मध्यमवर्गाच्या फळीवर चढलं. दुपारच्या वेळी बोहारीण यायची. जरीची साडी, जुने कोट देऊन स्टीलचा डबा घ्यायचा, आणि तिच्याशी घासाघीस करण्यात चाळीतला निम्मा मजला सामील असायचा. पितळ मोडीत गेलं. आईच्या पिढीने डोईइतकी पातेली वजनावर विकली आणि चकचकीत डब्यांच्या उतरंडी उभ्या केल्या. राखेने घासून हात फुटलेल्या बायकांचा तो निर्णय होता, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. स्टील अन्नाशी भांडत नाही. उणीव एवढीच, उष्णता एका जागी साचते, दूध लागतं, पोहे करपतात, म्हणून बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर लावलेलं जाड भांडं घ्यावं.

पण मोडीत गेलं ते पितळ एकटंच नव्हतं. कल्हई बंद झाली तसा ठरावीक महिन्यांनी प्रत्येक भांडं उजेडात धरून आतून तपासण्याचा रिवाज गेला. भांडं ही निगा राखायची वस्तू आहे, तिचा एक जाणकार आपल्या दारात येतो आणि आपण त्याचा माल पारखतो, ही सगळी घडीच मोडली. तिच्या जागी एकदा विकत घ्यायची आणि मग विसरून जायची वस्तू आली. मला वाटतं, आजच्या बायकांच्या मनात भांड्यांविषयी जी भीती आहे ती इथून सुरू होते. डोळ्यांनी पारखायचं साधन हातातून गेलं आणि मोबाइलवर येईल त्या निरोपावर विश्वास ठेवण्याची वेळ आली.

नॉनस्टिकबद्दल थोडंच सांगते. रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अमेरिकेत टेफ्लॉन सापडलं, आणि आपल्या मराठवाड्यात औरंगाबादच्या भोगले कुटुंबाने १९६८ साली निर्लेपची सुरुवात केली. कमी तेलात घावन निघतं हे खरंच सोयीचं. फक्त ते रिकामं तापवायचं नाही. साधारण २६० अंशांच्या वर त्याचा लेप खराब होऊ लागतो, आणि आणखी तापला तर विषारी वाफा निघतात. लेप निघायला लागला की तवा बदलायचा. जुन्या पद्धतीत लेप करताना वापरलं जाणारं पीएफओए नावाचं रसायन अनेक देशांत आता बंदीखाली आहे.

लोखंड या सगळ्या धामधुमीत टिकून राहिलं, आणि त्याचा मला आनंद आहे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलं गेलं. लोखंडी कढईत शिजलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, टोमॅटो-चिंच असेल तर जास्त. रक्तक्षयाचं ते औषध नव्हे, गोळ्या सोडून कढईवर विसंबू नये. पण रोजची मेथी, रोजचं पिठलं लोखंडात किंवा बिडाच्या कढईत करावं आणि शिजल्याबरोबर काढून ठेवावं. कढईतच राहिलं तर काळं पडतं, चव उतरते.

आता पितळ परत आलं आहे. सुंदर फोटोंसह, आजीच्या स्वयंपाकघराच्या नावाने, चढ्या भावात. मठारकाम करणाऱ्या हातांना त्यामुळे काम मिळतंय, हे चांगलंच झालं. पण माझ्या एका भाचीने लग्नानंतर अशीच कढई मागवली, ती आतून उघडी होती. सोबतच्या चिठ्ठीत पितळेच्या गुणांचं वर्णन होतं, कल्हईचा एक शब्द नव्हता. तिने त्यात चिंच-गुळाची आमटी केली. रात्री घरातल्या सगळ्यांना उलट्या झाल्या. दुसरी भाची न्यू जर्सीत असते, तिने वेगळाच प्रश्न पाठवला. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये इशारा दिला, की बाहेरून आलेल्या ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं. आईने दिलेली हिंडालियमची कढई ठेवू की टाकू, असं ती विचारत होती. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यात कोणता धातू आला हे बघून कळत नाही, घरी त्याची खात्रीलायक परीक्षा नाही. मी तिला लिहिलं, घरात लहान मूल आहे, कढई काढून टाक, आणि कुणाला वापरायला देऊ नकोस.

कल्हईचा नियम आजीच्या डोक्यातलाच नाही, कायद्यातही आहे. १९५५ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांनी नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात विक्रीचं अन्न तयार करायला किंवा ठेवायला मनाई केली होती. २०११ च्या नव्या नियमांनीही ती कायम ठेवली. म्हणजे हलवायावर बंधन आहे. पण उघडी पितळी कढई घरगुती स्वयंपाकासाठी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला काय सांगावं, याचा उल्लेख त्यात नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. चांगली गोष्ट आहे, पण तो या दोन धातूंपुरताच आहे. पितळी भांड्यावर ‘आत कल्हई आहे’ किंवा ‘आंबट शिजवू नये’ यांतलं एक वाक्य ठळक छापायला हवं, आणि कल्हईच्या कथलात शिसं नाही याची हमी विकणाऱ्याने द्यायला हवी. ही मागणी मी दुकानात उभी राहून करते, आणि सगळ्यांनी करावी.

आमच्या सोसायटीत दसरा-दिवाळीच्या मधे आम्ही कल्हईवाल्याला बोलावतो. तो तरुण आहे, भात्याऐवजी त्याच्याकडे विजेवर चालणारा पंखा आहे. मजुरी भांड्याच्या आकारावर ठरते. नवसागराचा धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून बसायची जागा वाऱ्याची दिशा बघून ठरवतो, आणि मुलांना दूर उभं करतो. भांडी खाली आली की प्रत्येकाने आपली कांडी आधी वाकवून ऐकायची, असं ठरलेलं आहे. पहिल्यांदा तो थोडा बिचकला होता, आता कांड्या तोच पुढे करतो. यंदा पलीकडच्या दोन इमारतींतलीही पातेली येणार आहेत, म्हणून त्याला कथील जास्त आणायला सांगितलं आहे.